बसलेल्यांची मांडणी

धाराशिवहून समुद्र कुठल्याही दिशेने लांबच. बालाघाटाच्या या पठारावर चैत्र-वैशाखात रात्री दहानंतरही भिंती तापलेल्या असतात, गच्चीवर अंथरूण टाकलं तरी फरशीतून ऊब वर येत राहते. अशा रात्री मी एका गार, धुकट बंदरगावी जातो. ग्रिम्सबी. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं, मासेमारीवर वाढलेलं आणि मासेमारी आटल्यावर थकलेलं गाव. तिथल्या फुटबॉल क्लबची स्थापना १८७८ सालची. मैदानाचं नाव ब्लंडेल पार्क. ते ग्रिम्सबीच्या हद्दीत नाही, शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे, आणि वरच्या बाकांवरून हंबर नदीच्या मुखातली जहाजं दिसतात म्हणे. मी हे गाव पाहिलेलं नाही. पण त्या संघात कोणाचा डावा पाय चांगला, कोणाची पोटरी हिवाळ्यात धरते, कोण दहा मिनिटं राहिली की खचतो आणि कोण त्याच दहा मिनिटांत पेटून उठतो, हे मला पाठ आहे. ‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकावरच्या खेळात मी त्या संघाचा मॅनेजर आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यात आपण चेंडू मारायचा नसतो. खेळाडू निवडायचे, त्यांचा सराव ठरवायचा, पगाराच्या चौकटीत राहून नवे आणायचे, जुन्यांना निरोप द्यायचा, मैदानावर कोणी कुठे उभं राहायचं ते आखायचं आणि मग सामना सुरू झाला की बाहेर उभं राहून पाहत बसायचं. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन इंग्रज भावांनी कोवळ्या वयात घरच्या संगणकावर हे रचायला घेतलं. १९९२मध्ये ते ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ म्हणून बाजारात आलं आणि २००४च्या अखेरीपासून आजच्या नावाने येतं. जवळपास दरवर्षी नवी आवृत्ती निघते. त्यातली एक आवृत्ती कंपनीने फेब्रुवारी २०२५मध्ये रद्दच केली आणि पुढची त्याच वर्षी नोव्हेंबरात आणली. मी अजून २०२४च्या आवृत्तीत आहे. माझं ग्रिम्सबी तिथे आहे, आणि अर्ध्यावर आलेला हंगाम तिथेच पुरा करायचा आहे. सामनाही मी जुन्या पद्धतीनेच पाहतो. हिरव्या आयतावर बावीस ठिपके, प्रत्येकावर आकडा. माणसाचं चित्र काढून घेतलं की माणसांमधलं अंतर दिसू लागतं. कोण कोणाच्या मदतीला धावला, कोणामागे मोकळी जागा राहिली, कोण एकटा पडला, एवढंच उरतं.

संघ हाती आला तेव्हा तो चौथ्या श्रेणीत होता, ‘लीग टू’मध्ये, तळाच्या आसपास. चोवीस संघांच्या त्या श्रेणीतून शेवटचे दोन खाली जातात. बहुतेक खेळाडू तिशीच्या पुढचे. मांडणी चार-चार-दोनची: चार बचावाला, चार मध्ये, दोन पुढे, आणि चेंडू मागून उंच मारून पुढच्या दोघांच्या डोक्यावर टाकायचा. ही मांडणी कधीकाळी याच माणसांना शोभत असेल. आता बाजूने धावणाऱ्या दोघांचे पाय जड झालेले, त्यामुळे त्यांच्यामागच्या दोघांना एकट्याने सगळी बाजू सांभाळावी लागे, आणि विसाव्या मिनिटापासूनच ठिपक्यांमधली अंतरं वाढत जात. ते पाहवत नसे.

या खेळात प्रत्येक खेळाडूचं एक पान असतं. गोलरक्षक सोडला तर बाकीच्यांच्या पानावर गुण किती? छत्तीस. पत्रिका जुळवताना बघतात तेवढेच. वेग, दम, उडी, टाचेवर फिरण्याची चपळाई, पासिंग, चेंडू थांबवण्याचं कसब, धाडस, निर्धार, समोरच्याच्या आधी ओळखण्याची बुद्धी. प्रत्येकाला एक ते वीस आकडा. आणि या छत्तिसांपलीकडे काही गुण असे, की त्यांचे आकडे पडद्यावर कधीच येत नाहीत: सातत्य किती, मोठ्या सामन्यात हात-पाय गळतात का, दुखापतीची खोड आहे का. ते प्रशिक्षकांच्या आणि स्काउटच्या शेऱ्यांतून हळूहळू उमगत जातात. मला या खेळाचं सगळ्यात मोठं शहाणपण यात वाटतं, की त्याने काही गुण झाकून ठेवले.

आमच्या कर्णधाराचं पान मी कितीदा उघडलं असेल. मध्यरक्षक, वय तेहतीस. वेग सहा. चपळाई सात. दम नऊ, आणि त्या नवाशेजारी खाली वळलेला छोटा लाल बाण: सरावात अजून घटतो आहे. हे आकडे फिकट रंगात. मग नजर डावीकडे सरकते आणि तिथे उजळ आकडे लागतात. पासिंग चौदा. दूरदृष्टी पंधरा. जागा धरण्याची जाण चौदा. नेतृत्व सतरा. एका पानावर दोन माणसं राहत होती, एक मावळणारा आणि एक भर दुपारचा. खेळाडूंच्या उतरंडीत तो सगळ्यात वर. त्याला बाकावर बसवलं की दुसऱ्या दिवशी निम्म्या संघाचा चेहरा पडलेला, हे तो खेळ मला ठळक अक्षरांत सांगे. मध्यात ठेवावं तर त्याच्या बाजूने तरुण पोरं वाऱ्यासारखी निघून जातात. काढावं तर संघाचा कणाच जातो.

याच क्लबच्या इतिहासात हा पेच खराखुरा पडून गेलेला आहे. १९५१मध्ये बिल शँक्ली ग्रिम्सबीचे मॅनेजर झाले. पुढे लिव्हरपूलला मोठं करणारे तेच. ग्रिम्सबीला त्यांना मिळालेला संघ गुणी होता पण वयाने उतरणीला लागलेला. पहिल्याच हंगामात त्यांनी तो श्रेणीत दुसऱ्या क्रमांकावर नेला. तेव्हा वर फक्त पहिलाच संघ जाई, त्यामुळे हाती काही आलं नाही. नंतर पाय आणखी थकले. राखीव संघातल्या पोरांना पुढे आणायला शँक्लींचं मन धजेना, कारण ज्यांनी आपल्यासाठी घाम गाळला त्यांना बाजूला कसं सारायचं? क्लबजवळ नव्यांसाठी पैसा नव्हता. १९५४च्या सुरुवातीला त्यांनी ग्रिम्सबी सोडलं. पुढे लिव्हरपूललाही साठीच्या दशकातल्या विजेत्या संघाला ते असंच जपत राहिले, आणि २१ फेब्रुवारी १९७० रोजी वॉटफर्डसारख्या खालच्या श्रेणीतल्या संघाने एफए कपमध्ये एक-शून्यने हरवलं, तेव्हा कुठे त्यांनी संघ मोडून नवा बांधायला घेतला. क्लेमन्स, हायवे, कीगन ही नावं त्या बांधणीतून आली. १९७३मध्ये लीग आणि यूएफा कप दोन्ही लिव्हरपूलकडे होते.

शँक्लींची माया मला दोष वाटत नाही. ज्याला खेळाडूला निरोप देताना काहीच होत नाही, त्याने संघ बांधू नये, असं माझं ठाम मत आहे. पण माया आणि मांडणी यांचं काहीतरी बोलणं व्हायला हवं, एकीने दुसरीचा आवाज बंद करता कामा नये. ते बोलणं मला जमलं ते आमच्या जिल्ह्याच्या स्वतःच्या खेळामुळे.

धाराशिवचा खेळ खो-खो. २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे इथली, आणि २०२०चा अर्जुन पुरस्कारही तिचा. घरात दिवसातून एकदाच जेवण मिळे असे दिवस काढून ती खेळली, हे तिनेच सांगितलेलं आहे. पैशाच्या ओढाताणीला कंटाळून त्याच २०१६ साली खेळ सोडायचं तिच्या मनात आलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव आणि घरच्यांनी समजूत घातली आणि ती मैदानावर परत आली. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. १९ तारखेच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. इथल्या पोरी पहाटे आणि संध्याकाळी मैदानावर असतात. त्यांच्यातलीच एक माझी पुतणी.

ती रात्री अभ्यास उरकला की माझ्याजवळ येऊन बसते. एकदा असंच ठिपक्यांकडे बघत तिने विचारलं, “काय करायलाव काका?” मी म्हटलं, संघाची मांडणी बदलतोय. तिने पडदा नीट पाहिला. “मग आधी हे सांगा, कोण कुठं तोंड करून बसलंय?”

फुटबॉलमध्ये कोणी बसत नाही, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही, कारण तिचा प्रश्न माझ्या मनात रुतला. खो-खोत आक्रमण करणाऱ्या नऊ जणींपैकी आठ जणी मधल्या पाटीवर चौकोनांत बसलेल्या असतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. धावणारी एकच. तिने एकदा दिशा धरली की उलटं वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पलीकडे जायचं तर खांबाला वळसा घालायचा, नाहीतर बसलेलीला खो द्यायचा. समोरचे तीन संरक्षक वाटेल तिकडे पळू शकतात, बसलेल्यांच्या मधून आरपार जाऊ शकतात. मग गडी बाद होतो तो कशाने? धावणारीच्या वेगाने थोडा, आणि बसलेल्यांच्या मांडणीने फार. खांबाजवळच्या चौकोनात लांब हाताची, खांब धरून सूर मारणारी हवी. मधल्या चौकोनांत झटक्यात उठणारी हवी, जिला दोन पावलांत वेग घेता येतो. नुसती वेगवान पोरगी खांबाजवळ बसवली तर तिचा वेग वाया, आणि उंच पोरगी मध्ये अडकली तर तिचे हात वाया.

हे नीट पाहायचं असेल तर सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला उकिडवं बसावं, नजर त्यांच्या पायांच्या पातळीवर आणावी. बसलेली मुलगी बसलेली नसतेच. एक पाय पुढे, एक मागे, मागच्या पायाची टाच उचललेली, चवड्यावर सगळं वजन. दोन्ही हातांची बोटं पुढे जमिनीला टेकलेली. मान स्थिर, डोळे मात्र पळणाऱ्या संरक्षकाबरोबर डावीकडून उजवीकडे. मागून ‘खो’ ऐकू येऊन पाठीवर हात पडेपर्यंत तिला उठायची मुभा नाही. आधी उठली तर फाऊल. त्या एका क्षणासाठी पोटरीचा स्नायू ताणलेला राहतो, घामाचा थेंब हनुवटीवरून मातीत पडतो, आणि ती पुसायला हात उचलत नाही. आता स्पर्धा मॅटवर होतात, सूर मारताना गुडघे-कोपरं पूर्वीइतकी सोलवटत नाहीत, मातीतले काही कस आणि काही चाली मागे पडल्या. २०२२मध्ये पुण्याच्या बालेवाडीत ‘अल्टिमेट खो-खो’ लीग सुरू झाली तेव्हा ‘वजीर’ आला, म्हणजे कोणत्याही दिशेला वळू शकणारा आक्रमक. एवढ्याशा एका सवलतीने सगळ्या संघांना बसण्याची मांडणी नव्याने करावी लागली. पण माणूस पाहून चौकोन ठरवायचा, हे सूत्र हललं नाही.

त्या रात्री मी कर्णधाराचं पान पुन्हा उघडलं. तो कुठे तोंड करून बसला आहे? मध्यात उभा असताना चेंडू त्याच्या पाठीमागून, बाजूने, सगळीकडून येई, आणि वळण्यातच त्याचा क्षण जाई. तोच जर सगळ्यांच्या मागे उभा राहिला, दोन तरुण, धावऱ्या बचावपटूंच्या मधोमध, तर अख्खं मैदान त्याच्या डोळ्यांपुढे. वळायचं नाही. धावायचं ते शेजारच्या दोघांनी. त्याने वाचायचं, अडवायचं आणि तो चौदाचा पास पुढे सोडायचा. मग मागे तीन झाले, म्हणून मध्ये पाच. बाजूने धावणारे जुने दोघे निघाले, आणि त्यांच्या जागी दम असलेले दोन पोरगे, पूर्ण कडेची लांबी वर-खाली करणारे. पुढे दोनच. तीन-पाच-दोन ही आकृती मी कुठून उचलून आणली नव्हती. ती एका थकलेल्या माणसाला योग्य तोंड करून बसवण्यातून आपोआप निघाली.

मग मला सय्यद अब्दुल रहीम आठवले. आणि ते आम्हाला परके नाहीत. रहीम हैदराबादचे, पेशाने शिक्षक, १९५०पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे आणि भारतीय संघाचेही प्रशिक्षक. तेव्हा आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. त्यांच्या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. १९५१मध्ये दिल्लीत आशियाई सुवर्ण मिळालं आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असं हरवलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. त्याच युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यात हंगेरीने नमवलं, आणि हंगेरीचा मध्य आघाडीवीर पुढे खिळून न राहता मागे सरकून खेळे. रहीम यांनी तिथून राग किंवा लाज आणली नाही, विचार आणला. बूट आले. जुनी ठरीव मांडणी सैल झाली, आघाडीचा एक जण मागे येऊन मध्याला जोडला जाऊ लागला.

१ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं आणि त्यातले तीन गोल नेव्हिल डिसूझा यांचे होते, मूळचे गोव्याचे, मुंबईत खेळणारे. ऑलिम्पिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. उपांत्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया समोर होता. पुन्हा हरलो, पण ४-१ असं, आणि पहिला गोल आपला होता. दहा-एक ते चार-एक, चार वर्षांत. तक्त्यात या दोन्ही ओळी पराभव म्हणूनच लिहिल्या जातात.

रहीम यांची मला सगळ्यात भावणारी चाल मात्र १९६२ची, जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतली. बचावातले भक्कम जर्नेलसिंग थायलंडविरुद्ध डोक्याला मार लागून टाके घालून बसले. बचावात हेडिंग टाळता येत नाही. दुसऱ्या कोणी त्यांना विश्रांती दिली असती. रहीम यांनी त्यांना सगळ्यात पुढे, मध्य आघाडीला उभं केलं. उपांत्य सामन्यात त्यांनी गोल केला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध एक गोल पी. के. बॅनर्जींनी केला, दुसरा जर्नेलसिंगांनी, आणि भारत २-१ असा जिंकला. याच कोरियाकडून स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात आपण हरलो होतो. रहीम यांना तेव्हा कर्करोग आतून पोखरत होता. जून १९६३मध्ये ते गेले. आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर भारताला मिळालेलं नाही.

मांडणी बदलली की लगेच विजय येत नाही, हे त्या खेळाने फार प्रामाणिकपणे रचलं आहे. नव्या रचनेची सवय दाखवणारी एक पट्टी असते. सुरुवातीला ती जवळजवळ रिकामी. सरावागणिक ती कणाकणाने भरते. तोवर ठिपके चुकीच्या जागी पोचतात, दोघे एकाच चेंडूवर धावतात आणि तिसऱ्यामागे दार उघडं राहतं. आम्ही सलग हरू लागलो. संचालक मंडळाचा विश्वास घसरत चालल्याची सूचना दर महिन्याला येई. तेव्हा जुनी चार-चार-दोन एका क्लिकवर होती, आणि ती सवयीची होती, निदान बरोबरी तरी मिळवून दिली असती. संघ बांधण्यातला खरा कस मला इथे वाटतो. नवं सुचणं अवघड नाही. सुचलेलं अजून अंगवळणी पडलेलं नसताना त्याच्या पाठीशी उभं राहणं अवघड. मी त्या आठवड्यांत सामन्याआधी कर्णधाराच्या शेजारच्या दोन पोरांचंच तेवढं बघत असे: त्यांच्यातलं आणि त्याच्यातलं अंतर मागच्या सामन्यापेक्षा कमी झालं का? होत होतं. निकाल नंतर आले.

आमच्या जिल्ह्याला पुनर्बांधणी हा शब्द नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी परिसर आणि आमचे लोहारा-उमरगा तालुके मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली, बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. त्या दुःखाशी कोणत्याही खेळाची बरोबरी मी करणार नाही. पण लोहाऱ्याच्या बाजूला गेलं की नजर तिथे जातेच. सरळ रस्ते, मोजून आखलेले चौकोनी प्लॉट, रांगेत सारखी घरं. नकाशा सुबक होता. गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, म्हातारी दुपारी कोणाच्या ओसरीला टेकायची, हे त्यात कमी पडलं. लोकांनी मग सावकाश पत्र्याचा आडोसा काढला, पुढे ओटा बांधला, मागे गोठा केला, बाभळ-कडुनिंब वाढवले, आणि गाव आपल्या राहणीच्या मापाचं करून घेतलं. आज तिथे माणसं नांदतात ती या जोडकामामुळे.

दर वसंतात एक दिवस असा येतो की क्लबच्या शाळेतली नवी पोरं पडद्यावर येतात. ती खेळानेच जन्माला घातलेली, जगात नसलेली. नावही त्यानेच दिलेलं, चेहराही. यंदाच्या खेपेत एक सोळा वर्षांचा मध्यरक्षक आला. वेग साधा, पासिंग बेताचं, निर्धार सतरा. सहायक प्रशिक्षकाचा शेरा फारसा उत्साही नव्हता. पुतणीने पान बघितलं आणि म्हणाली, “ह्याला मधल्या चौकोनात बसवा, उठतंय लवकर.” मी त्याला कर्णधाराच्या देखरेखीखालच्या गटात टाकलं. मोठ्या खेळाडूच्या संगतीत लहान्याचा स्वभाव घडतो, अशी सोय त्या खेळात आहे, आणि ती ज्याने घातली त्याला माणसं कळत असणार.

जुन्यांपैकी चौघांना या हंगामात निरोप दिला. प्रत्येकाशी आधी बोललो. खेळात बोलण्याची वाक्यं ठरलेली असतात, तरी त्यातलं सौम्य वाक्य शोधायला वेळ घेतला. एकाला त्याच्या गावाजवळचा क्लब मिळाला. एकाने निवृत्ती घेतली. दोघांचं पुढे काय झालं ते मी अजून बघत असतो. एक जण खालच्या श्रेणीत दर शनिवारी खेळतो आहे, गोलही करतो आहे.

हंगाम संपायला थोडे सामने राहिले आहेत. चोवीस संघांत आम्ही अकरावे आहोत. तीन-पाच-दोनची पट्टी पूर्ण भरली आहे. कर्णधाराचा करार ३० जूनला संपतो. त्यानंतर तो खेळणार नाही. अठरा वर्षांखालच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून त्याने सही केली आहे.